बर्फातली फळी आणि देवळाबाहेरची चप्पल

गुलमर्गला स्वतःचा स्नोबोर्ड घेऊन जाण्याविषयी मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच धास्ती होती: तिथं कुणी उचलून नेला तर? त्यातली काही पत्रं आज घेतो.

जानेवारीत गुलमर्गला चाललोय. जेवायला आत जाताना बोर्ड बाहेरच ठेवावा लागतो, असं ऐकलं. तीन आकड्यांचं केबल लॉक पुरेल का? (म्हापसा)

जेवणाची वेळ तुम्ही बरोबर हेरलीत. बोर्ड खोलीतून क्वचित जातो. जातो तो बाहेरच्या स्टँडवरून, आपण आत राजम्यावर ताव मारत असताना.

मंगेशीला गेल्यावर घरातली जाणती माणसं चपला कशी काढतात आठवा. एक या खांबाशी, दुसरी पार त्या टोकाला. स्कीवाले नेमकं हेच करतात. एक स्की या स्टँडला, दुसरी त्या स्टँडला मित्राच्या स्कीशी जोडी लावून. बेजोड स्की नेऊन चोर करणार काय? आपली गोची अशी की बोर्ड म्हणजे एकच फळी, काखोटीला मारली की झालं. म्हणून लॉक हवंच.

पण त्याची ताकद ओळखून असा. तीन आकड्यांचे जोड होतात हजार. निवांत बसलेला माणूस तासाभरात सगळे फिरवून बघेल. कटर असेल तर तेवढाही वेळ नको. हे लॉक अडवतं ते जाता जाता हात मारणाऱ्याला, आणि सहसा गाठ पडते ती त्याच्याशीच.

खरी चूक होते केबल ओवताना. बाइंडिंगच्या, म्हणजे बूट बोर्डाला बांधणाऱ्या पकडीच्या, पट्ट्यातून ओवू नका, पट्टा सोडवला की केबल मोकळी. तिच्या टाचेमागच्या कड्यातून ओवा. मग स्टँडकडे बघा. दांडा वरून उघडा असेल तर केबलचा फास तसाच वर सरकवून काढता येतो. लोक महागडं लॉक घेतात आणि ते अशा दांड्याला लावतात! चौघे असाल तर चारही बोर्ड एकाच केबलमध्ये ओवा. आणि टेबल खिडकीजवळचं धरा.

मित्राचा भाड्याचा बोर्ड स्टँडवरून गेला. दुकानदाराने अनामत अडकवली. काय करायला हवं होतं? (फोंडा)

माझ्या मते तो चोरीला गेलाच नसावा. मिरामारला भाड्याच्या अ‍ॅक्टिव्हांची रांग असते, तिथं काळ्या पाटीवरचा पिवळा नंबर न वाचता भलत्याच गाडीला किल्ली लावणारे तुम्ही पाहिले असतील. भाड्याच्या बोर्डांचंही तेच: एकच रंग, एकच कंपनी.

अशा वेळी आरडाओरडा न करता संध्याकाळपर्यंत थांबायचं आणि स्टँडवर मालकाविना उरलेला बोर्ड शोधायचा. त्यावर दुकानाचा नंबर असतो. दुकानाच्या वहीत भाडेकऱ्याचं नाव असतं, आणि तुमचा बोर्ड बहुधा त्याच्याकडे निघतो. पुढच्या वेळी बोर्ड हातात घेतल्याबरोबर नंबरासकट फोटो काढा, बाइंडिंगला एखादी भडक चिंधी बांधा आणि हरवल्यास किती भरायचं ते आधीच पावतीवर लिहून घ्या. ओरखडे पडलेल्या फळीला नव्याचा भाव देऊ नका.

बोर्डला एअरटॅग लावला तर लॉकची गरज उरेल का? (वास्को)

उरेल. एअरटॅग, म्हणजे वस्तूचा माग काढणारा अ‍ॅपलचा बिल्ला, त्याला स्वतःचा जीपीएस नसतो. आसपासच्या कुणाच्या तरी अ‍ॅपल फोनला तो दिसतो आणि तो फोन ठावठिकाणा कळवतो. बाजारात हे छान चालतं, गुलमर्गच्या अफरवाट डोंगराच्या उतारावर माणूसच नसेल तर गप्प. शिवाय तुमचा फोन चालायला हवा. आपलं गोव्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. आणखी एक गोष्ट: अनोळखी एअरटॅग सोबत फिरतोय, अशी सूचना थोड्या वेळाने चोराच्या फोनवरही जाते. तेव्हा टॅग सहज उपटता येईल असा लावू नका.

बोर्ड गेल्याचं परतीच्या विमानाच्या गडबडीत लक्षात आलं. आता इथून तक्रार करता येईल? (मडगाव)

येईल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हाच झिरो एफआयआर. पुढे तो तिकडच्या ठाण्याकडे जातो. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत सही करावी लागते. सोबत खरेदीची पावती आणि बोर्डवरच्या अनुक्रमांकाचा फोटो न्या. विम्याचं मात्र आधी वाचा. ‘लक्ष न ठेवता सोडलेली वस्तू’ बऱ्याच प्रवास विम्यांत वगळलेली असते, आणि कळवायची मुदतही थोडी असते.

मी आश्वेला सर्फिंग करते. हेच लॉक सर्फबोर्डला चालेल? (पेडणे)

सर्फबोर्डला बाइंडिंग नसतं, त्यामुळे केबल ओवायला जागाच नाही. लीशच्या, म्हणजे बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीच्या, खाचेत बसणारं वेगळं लॉक मिळतं, ते घ्या. नाहीतर ओळखीच्या शॅकवाल्याला सांगून बोर्ड आत ठेवा, मी तेच करतो.

आणि लॉक कुठलंही असो, आपल्या खाऱ्या हवेत ते गंजतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून सिलिकॉनचा फवारा मारा. माझं पहिलं लॉक घरातल्या कपाटातच गंजून बसलं होतं. ते मला कळलं गुलमर्गला, बोर्ड स्टँडला अडकवून झाल्यावर. हॉटेलच्या पोऱ्याने कटर आणला आणि एका दाबात केबल तोडून दिली. आजूबाजूला दहा-बारा माणसं होती, बोर्ड कुणाचा म्हणून एकानेही विचारलं नाही.