सिंथचा पॅच म्हणजे ठिगळ का?

प्रश्न असा आलाय की रोलँड कंपनीच्या डी-५५० या जुन्या रॅक सिंथच्या (सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य; रॅक म्हणजे पट्ट्या नसलेला, कप्प्यात बसवायचा खोका) मॅन्युअलचं मराठी करायला घेतलंय, त्यात पानोपानी 'पॅच' येतो, डिक्शनरीत बघितलं तर ठिगळ, तर काय लिहू? आणि दुसरं म्हणजे कीबोर्ड वाजवणारे सगळे सरसकट 'टोन' म्हणतात, मग टोनच लिहिलं तर काय बिघडलं?

ठिगळ लिहू नका बाबा. सॉफ्टवेअरमधला पॅच ठिगळच आहे, पूर्वी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवायचे, चूक झाली की तेवढ्या भागावर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवायचे, तिथून तो शब्द आला. सिंथचा पॅच दुसऱ्या घरचा. १९६० च्या दशकातला मूग कंपनीचा मॉड्युलर, म्हणजे सुट्या भागांचा, सिंथ फोटोत बघितला असेल, कपाटाएवढं धूड आणि पुढून वायरींचं जंजाळ. आवाज निर्माण करणारा भाग वेगळा, तो गाळणारा फिल्टर वेगळा, आणि कुठून कुठे जायचं ते वायरी खुपसून ठरवायचं. त्या वायरी म्हणजे पॅच कॉर्ड, हा शब्द टेलिफोन आणि रेडिओवाल्यांकडे आधीपासून होताच (आजही नेटवर्कच्या रॅकमध्ये पॅच पॅनेल असतंच की). म्हणजे पॅच ही मुळात जोडणी, तात्पुरती, हाताने केलेली. आवाज आवडला तर कुठली वायर कुठे होती आणि कुठलं बटण किती फिरवलं होतं हे कागदावर टिपून ठेवायचं, कारण वायरी काढल्या की आवाज गेला. मग हळूहळू त्या जोडणीतून निघणाऱ्या आवाजालाच पॅच म्हणायला लागले.

पुढे मेमरी आली आणि वायरी गेल्या, शब्द मात्र राहिला. डी-५५० हा १९८७ चा, डी-५० या कीबोर्डचंच बिनपट्ट्यांचं भावंड, आतलं सगळं डिजिटल, आवाज घडवायला बाहेर वायरी खुपसायच्या नाहीत. तरी रोलँडने पॅच हाच शब्द धरून ठेवला. सिंथ बनवणाऱ्या बाकीच्या कंपन्यांत यामाहा त्यालाच 'व्हॉइस' म्हणते, कॉर्ग 'प्रोग्रॅम' म्हणते, ईम्यू 'प्रीसेट', ज्याचं त्याचं घराणं! यामाहाच्या शब्दाने तर आणखी घोळ होतो, कारण एका वेळी वाजणाऱ्या सुरालाही व्हॉइसच म्हणतात, सोळा व्हॉइसचा सिंथ म्हणजे एका वेळी सोळा सूर वाजणारा, त्यात सोळाच आवाज आहेत असं नाही, पण वाचणारा हमखास फसतो.

आता टोन. बोलताना म्हणा, मीही म्हणतो, "जरा स्ट्रिंग्जचा टोन लाव". पण या मॅन्युअलमध्ये लिहिलंत तर स्वतःच्या पायावर धोंडा, कारण डी-५५० मध्ये टोन हा पॅचच्या पोटातला भाग आहे. एका पॅचमध्ये दोन टोन, अपर आणि लोअर, आणि प्रत्येक टोनमध्ये दोन पार्शल. चार तुकडे मिळून एक आवाज. पार्शल दोन जातीचे असतात, एकात सिंथने तयार केलेली लहर, दुसऱ्यात खऱ्या वाद्याचं छोटंसं रेकॉर्डिंग. छोटंसं अशासाठी की तेव्हा मेमरी महाग होती, म्हणून बऱ्याच वाद्यांची नुसती सुरुवातच घेतली, फुंकर, आघात, तारेवरची टिचकी, आणि पुढचा लांबणारा सूर सिंथकडून करून घेतला. कान फसतो कारण वाद्य कुठलं हे आपण बरंचसं त्या पहिल्या क्षणावरूनच ओळखतो. पहिलाच पॅच 'फँटेशिया' लावून जोडलेल्या कीबोर्डची एक पट्टी दाबून धरा, आधी काचेच्या घंटीसारखं टिंग येतं आणि त्याच्या मागून धुकं पसरल्यासारखा आवाज भरत जातो, वर आतलाच कोरस (आवाज दाट करणारा) आणि रिव्हर्ब (घुमवणारा). असा तुकड्यातुकड्यांनी शिवलेला आवाज ऐकला की वाटतं ठिगळ नाही तरी गोधडी म्हणायला हरकत नाही :) पण ती गंमत झाली, व्युत्पत्ती नव्हे.

जाता जाता एक, नंबरांचं भाषांतर करताना जपून. पॅच ६४ असले तरी ते १ ते ६४ नाहीत, ११ ते ८८ आहेत, आठ बँका आणि प्रत्येकीत आठ, त्यामुळे १८ नंतर थेट २१ येतो, १९ आणि २० नाहीतच. मिडीवरून, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या वायरीवरून, मागवायचा तर हाच २१ नववा. मी एकदा "नऊ नंबर लाव" म्हटलं आणि समोरचा बिचारा ०९ शोधत बसला, तो कुठून सापडणार.

मराठी प्रतिशब्दच हवा असेल तर 'ध्वनिरचना' वगैरे करता येईल, पण वाचणारा थांबून विचार करेल की हे काय, आणि मग शेजारच्या इंग्रजी मॅन्युअलमध्ये पॅच बघून त्याला कळेल. मी सरळ पॅच लिहीन. आणि क्रियापद आपलं वापरीन, 'निवडा' 'लोड करा' यापेक्षा 'लावा'. हे क्रियापद इथे इतकं चपखल बसतं की बस, ठिगळ लावतात, वायर लावतात, तंबोरा लावतात, सूर लावतात आणि पॅचही लावतात, म्हणजे कपड्यापासून गाण्यापर्यंत सगळे अर्थ एकाच ठिकाणी.

लिंग पुल्लिंगी, तो पॅच, ते पॅच. 'पॅचेस' करायची गरज नाही, आपण दगडचं दगडेस करत नाही. 'पॅचाचा' का 'पॅचचा' म्हणाल तर बोलण्यात पॅचचाच ऐकू येतं, तेच ठेवा.