खताच्या ट्रॉलीचे बेअरिंग दर हंगामात का जाते?

प्रश्न : ट्रॉलीतून पोटॅश, युरिया आणतो आणि तशीच गोदापात्रातल्या पाण्यातून घालतो. दोन्ही चाकांची बेअरिंगे घरघरतात. ग्रीस तर भरपूर भरतो. मग चुकते कुठे?
– वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर : मराठवाड्यात समुद्र नाही, पण मीठ तुम्ही ट्रॉलीत भरून आणता. म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये, म्हणजे तुमच्या नेहमीच्या पोटॅश खतात, सुमारे ४७ टक्के क्लोराइड असते. ते ओलाव्यात लोखंड खाते. त्यात लांबून आलेला तापलेला हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसते) थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या (ग्रीस आत व पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठातून पाणी आत ओढले जाते. म्हणून नदीआधी थांबा. हब हाताला कोमट लागला की मगच उतरा.

खत उतरवल्यावर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा फवारा सीलवर नको.

हब उघडल्यावर ग्रीस दुधाळ दिसले तर पाणी शिरलेच. सगळे जुने ग्रीस काढा, बेअरिंग डिझेलने धुऊन पूर्ण वाळवा. रोलरवर किंवा कपवर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) खड्डे दिसले तर कप आणि कोन (रोलर असलेले आतले कडे) जोडीनेच बदला. सील नवीनच घाला, पाच-पन्नास वाचवू नका. लिथियम ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या फटींतून वर येईपर्यंत दाबा. हबची पोकळी मात्र अर्धीच भरा. ‘भरपूर’ ग्रीस तापून सीलच बाहेर ढकलते.

चाक फिरवत नट आवळा, मग पाव फेरा सैल करून नट जागीच धरणारी स्प्लिट पिन नवी टाका.