अमेरिकी फेडरल न्यायाधीशाचं चरित्र लिहायला घेताय? आधी एवढं सांभाळा

विषय छान निवडलात. सुरुवातीला एकच व्यक्ती घ्या. फेडरल म्हणजे केंद्रीय न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली घ्या, कारकीर्द भरगच्च आहे आणि नोंदी स्पष्ट.

पहिलं काम तारखांचं. राष्ट्राध्यक्षांनी नाव पाठवलं, सिनेटने मंजुरी दिली आणि नेमणूकपत्र मिळालं, या तीन वेगळ्या तारखा आहेत. नवखे लोक त्या हमखास एकत्र करतात. मॉटलींचं नाव राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जानेवारी १९६६ मध्ये पाठवलं, मंजुरी ऑगस्टअखेर आली. मधले सात महिने का गेले, तिथेच खरी गोष्ट सापडते.

दुसरी चूक म्हणजे ‘सीनियर स्टेटस’ला निवृत्ती समजणं. वय आणि सेवा मिळून ८० भरले (वय किमान ६५, सेवा किमान १० वर्षं) की हा दर्जा घेता येतो. जागा रिकामी होते, पण न्यायाधीश खटले चालवू शकतात. मॉटलींना सप्टेंबर १९८६ मध्ये ६५ पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात त्यांनी तो घेतला. २००५ मध्ये निधन होईपर्यंत तो कायम होता. ‘१९८६ला निवृत्त’ लिहिलंत तर १९ वर्षं पुसली जातील!

आणि निकाल थोडेच निवडा, पण मुळातून वाचा. १९७८चा यांकी स्टेडियमचा (न्यूयॉर्कचं बेसबॉल मैदान), महिला पत्रकाराला खेळाडूंच्या लॉकर रूममध्ये प्रवेश देण्याबाबतचा, आधी घ्या. बातम्यांवरून सारांश लिहू नका. न्यायालयाने नेमकं कुणाला आणि कशापासून रोखलं, हे आदेशातच कळतं.

अपिलांची गुंतागुंत सध्या बाजूला राहू द्या.