नावं खोडली म्हणजे झालं का?

प्रश्न: सर नमस्कार, मी समाजशास्त्रात पीएचडी करते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या बायकांच्या संसाराचं काय झालं हा माझा विषय. २०० घरांचा सर्व्हे आणि ४२ मुलाखती झाल्यात. बाहेरच्या एका जर्नलला पेपर पाठवला होता, तो दुरुस्त्यांसह मान्य झालाय, पण आता ते म्हणतात डेटा रिपॉझिटरीत (म्हणजे डेटा जपून इतरांना देणाऱ्या ऑनलाइन भांडारात) टाका, नाहीतर का टाकत नाही ते लिहून द्या. गाइड म्हणतात अजिबात देऊ नकोस, चिखल तू तुडवायचा आणि लोणी दुसऱ्यानं खायचं. मैत्रीण म्हणते नावं खोड आणि दे टाकून. मी काय करू? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर: गाइडना लगेच नावं ठेवू नका, त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण जर्नलवाले उगाच मागं लागलेत असंही नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये पेपर लिहिला की देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ थंडावते, आणि तो पेपर दाखवून सरकारी खर्चाला कात्री लावायच्या गप्पा जगभर झाल्या. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्यानं वर्गातला गृहपाठ म्हणून ती गणितं परत करायला घेतली, ती काय जुळेनात, मग लेखकांकडनं मूळ एक्सेल फाइल मागवली तर सरासरीच्या फॉर्म्युल्यातनं ५ देश सुटलेले! आणखी काही वर्षांचे आकडे गाळलेले आणि सरासरी काढायची पद्धतही वेगळी, हे सगळं सरळ केल्यावर ९० टक्क्यांवर कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ ची २.२ टक्के झाली. फाइल दिली म्हणून कळलं, नाहीतर अजून तेच घोकत बसलो असतो.

मी काय लई शहाणा नाही. एकदा एक्सेलमध्ये एकच कॉलम सॉर्ट केला, बाकीचे तसेच राहिले, आणि आठवडाभर राधानगरीच्या माणसांना कागलचं उत्पन्न लावून टेबलं काढत बसलो. एम.ए.च्या एका पोरीकडं फाइल होती, तिनं विचारलं सर हा भूमिहीन माणूस एवढा ऊस घालतोय कुठनं?

हे असलं टाळायलाच अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशननं २०१९ पासून डेटा एडिटर नेमून पेपरसोबतचा डेटा आणि कोड (गणितं करायला संगणकाला दिलेल्या आज्ञा) तपासायला सुरुवात केली आणि अमेरिकन जर्नल ऑफ पॉलिटिकल सायन्सनं तर २०१५ मध्ये नियमच केला की पेपर मान्य झाला तरी निकाल तिसऱ्याच माणसानं फाइलवरनं परत काढून जुळल्याशिवाय छापायचा नाही.

आता मैत्रिणीचं. नावं खोडून भागत नाही हो. समजा तुमच्या शीटमधली एक ओळ अशी आहे: वय ४७, विधवा, पिठाची गिरणी, पुरात दोन म्हशी गेल्या, मुलगा पुण्याला. शेजारी गावाचं नाव. यात कुठं नाव आहे का? नाही, पण ही ओळ त्या गावाच्या एसटी स्टँडवर वाचून दाखवा, लोक तुम्हाला थेट तिच्या दारात नेऊन सोडतील. आणि तिनं मुलाखतीत सांगितलं असेल की पंचनाम्याला कुणाचं घर पडलं नसताना कुणाचं नाव लागलं, तर उद्या ती त्याच गल्लीत राहणाराय, तुम्ही नाही. लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलंय की नुसता पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरनं अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतील. आपल्या गावात तर जन्मतारीखही लागत नाही, म्हशी पुरेत.

म्हणून पहिलं काम, संमतीपत्र काढा आणि बघा त्या बायकांना तुम्ही काय वाचून दाखवलं होतं. "ही माहिती फक्त माझ्या पीएचडीसाठी" असं असेल तर तो डेटा द्यायचा हक्क तुमचाही नाही आणि गाइडचा तर नाहीच. तसं जर्नलला सरळ लिहा, लोकांना दिलेला शब्द हे कारण शहाणे संपादक मानतात. नाहीतर परत जाऊन विचारा, जयसिंगपूरहून शिरोळ काय लांब नाही, ४२ घरं आहेत, चहा प्यायला तरी जालच की.

सर्व्हेचं सोपं आहे. गाव काढून नुसता तालुका ठेवा, वयाचे गट करा, गिरणीसारखे गावात एकच असणारे धंदे "इतर व्यवसाय" मध्ये घाला आणि कोडबुक (कुठल्या आकड्याचा काय अर्थ ते सांगणारी यादी), प्रश्नावली, एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरला दिलेल्या आज्ञांची सिंटॅक्स फाइल सगळं जोडून टाका. मुलाखतींच्या ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शब्दनशब्द उतरवलेला मजकूर, मात्र उघड्यावर नकोत. सिराक्यूज विद्यापीठाची क्वालिटेटिव्ह डेटा रिपॉझिटरी खास असल्या मजकुरासाठी आहे, तिथं मागणाऱ्याला अर्ज करायला लावून मगच बघायला देता येतं, अर्थात बायकांची तशी संमती असेल तरच.

गाइडना सांगा की वर्षा-दोन वर्षांचा एम्बार्गो लावता येतो, म्हणजे तोवर डेटा कुणाला उघडत नाही, तोवर तुमचे पुढचे पेपर उरकून घ्या, आणि डेटासेटला डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक मिळतो म्हणजे तो कुणी वापरला तर तुमचं नाव घालायला पाहिजे. कपाटातल्या पेनड्राइव्हवरनं चोरलं तर कुणाला सांगणार?

एक वाक्य मात्र लिहू नका, "मागितल्यास डेटा देऊ". विखर्ट्स आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या १४१ पेपरांच्या लेखकांकडे डेटा मागितला होता, २००६ मध्ये त्याचा हिशोब छापला, ७३ टक्के लेखकांनी दिला नाही, आणि देऊ असं सगळ्यांनी आधी कबूल केलेलं!

प्रश्न: एम.ए.चा प्रबंध आहे, फिल्डवर्कला पैसे नाहीत. तयार डेटा कुठं मिळेल? (इचलकरंजी)

उत्तर: फुकट मिळतो. एनसीएइआर ही दिल्लीची आर्थिक संशोधन संस्था आणि अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठानं मिळून केलेला इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे घ्या, २००४-०५ आणि २०११-१२ च्या फेऱ्या, प्रत्येकीत ४० हजारांवर घरं, आयसीपीएसआर या अमेरिकेतल्या डेटा भांडाराच्या साइटवर नोंदणी केली की उतरवता येतो. एनएसएस या सरकारी नमुना सर्व्हेच्या घराघराच्या फाइलीही सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर आहेत. आधी दोन दिवस कोडबुक वाचण्यात घालवा, पोरं ते न वाचता टेबलं काढतात आणि "माहीत नाही" चा ९९ हा कोड वय समजून सरासरीत घालतात. आणि आपलं गाव त्यात शोधत बसू नका, नाव मुद्दाम काढलेलं असतं, कशासाठी ते वरच्या उत्तरात आलंय.