कोट्यधीश की करोडपती?

दादरच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न असा आहे : ‘कोण होणार करोडपती’ या मराठी कार्यक्रमाच्या नावात ‘करोडपती’ हा हिंदी शब्द का ठेवला, तिथे ‘कोट्यधीश’ हवे होते की नाही, आणि एखादी स्त्री ही रक्कम जिंकली तर तिला ‘पती’ लावणे कितपत योग्य आहे?

या खेळाचे मूळ ब्रिटनमधले आहे. ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर?’ हा कार्यक्रम सप्टेंबर १९९८ मध्ये तेथील आयटीव्ही वाहिनीवर सुरू झाला आणि त्याचे सर्वोच्च बक्षीस दहा लाख पौंडांचे होते. ‘मिलियनेअर’ याचा शब्दशः अर्थ दशलक्षाचा धनी. मात्र ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर हिंदी आवृत्ती आली तेव्हा बक्षीस एक कोटीचे होते आणि नाव ‘कौन बनेगा करोडपती’. म्हणजे हिंदीत मूळ शब्दाचे भाषांतर झालेच नाही. ज्या आकड्यापाशी आपल्याकडचा सामान्य माणूस ‘आता याचे भाग्य उजळले’ असे म्हणतो, तो आकडा नावात घेतला गेला. निरनिराळ्या देशांतील नावे शेजारी शेजारी ठेवली, तर अनेक ठिकाणी याच दृष्टीने विचार झालेला दिसतो.

इटलीचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. तिथे २००० मध्ये हा खेळ सुरू झाला तेव्हा चलन लिरा होते, बक्षीस शंभर कोटी लिरांचे होते, आणि म्हणून नावात ‘मिलियार्दारियो’, म्हणजे अब्जाधीश, असा शब्द होता. पुढे युरो आला, बक्षीस दहा लाख युरोंचे झाले आणि नावातला अब्जाधीश उतरून ‘मिलिओनारियो’, म्हणजे दशलक्षाधीश, झाला. शंभर कोटी लिरा म्हणजे सुमारे ५ लाख १६ हजार युरो, हे लक्षात घेतले तर शब्द धाकटा होत असताना रक्कम जवळजवळ दुप्पट झाली होती. तुर्कस्तानातील नावात तर ‘धनी’ या अर्थाचा शब्दच नव्हता, तिथे ‘५०० अब्ज कोणाला हवेत?’ असा थेट प्रश्न होता. १ जानेवारी २००५ पासून तुर्की लिरावरची सहा शून्ये काढून टाकण्यात आली आणि पुढील काळात तोच प्रश्न ‘५ लाख कोणाला हवेत?’ असा विचारला गेला.

आपल्या शेजारी श्रीलंकेत याच खेळाचे सिंहली नाव ‘सिरस लक्षपती’ असे आहे. यातला ‘लक्षपती’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. बांगलादेशातील ‘के होते चाय कोटिपोती’मध्ये आणि पश्चिम बंगालमधील ‘के होबे बांग्लार कोटिपोती’मध्ये ‘कोटिपती’ आहे, कन्नडमध्ये ‘कन्नडद कोट्यधिपती’, तेलुगूत ‘कोटीश्वरुडू’ आणि मल्याळममध्ये ‘कोडीश्वरन्’. या सर्वांनी संस्कृत ‘कोटि’ जवळ केली. नेपाळीने आणि मराठीने मात्र ‘करोडपती’च ठेवला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘करोड’ आणि ‘कोटी’ यांचे मूळ एकच आहे. संस्कृत ‘कोटि’ प्राकृतातून ‘कोडि’ अशा रूपाने पुढे आली आणि हिंदी, गुजराती या भाषांत तिचे ‘करोड’ झाले. मराठीने तत्सम रूप टिकवले. आपला अर्थसंकल्प, आपली वृत्तपत्रे, आपले खरेदीखत या सर्वांत ‘कोटी’च असते. मुंबईत गुजराती आणि हिंदीच्या सहवासामुळे ‘दीड करोडचा फ्लॅट’ असे सर्रास ऐकू येते, आणि इथल्या व्यवहारातील सांकेतिक बोलीत लाखाला ‘पेटी’ व कोटीला ‘खोका’ म्हणतात, पण लिहिताना तोच माणूस बहुधा ‘कोटी’ लिहितो. म्हणून माझे मत असे की, कार्यक्रमाचे नाव हे विशेषनाम आहे, ते आहे तसेच लिहावे. परंतु आपल्या स्वतःच्या वाक्यात मात्र ‘कोट्यधीश’ हाच शब्द वापरावा. हिंदी कार्यक्रमाने घराघरांत पोचवलेली ओळख मराठी निर्मात्यांना सोडवली नसावी, हे समजण्यासारखे आहे. तरीही ‘कोट्यधीश’सारखा खणखणीत शब्द हाताशी असताना तो नावात आला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

हा शब्द लिहिताना एक चूक फार आढळते. ‘लक्ष’ आणि ‘अधीश’ मिळून ‘लक्षाधीश’ होते, कारण तिथे दोन अकार एकत्र येऊन दीर्घ होतात. ‘कोटि’ आणि ‘अधीश’ यांच्या संधीत इकाराचा ‘य्’ होतो, म्हणून ‘कोट्यधीश’. ‘लक्षाधीश’च्या सवयीने लिहिले जाणारे ‘कोट्याधीश’ अशुद्ध आहे, आणि ‘कोट्यवधी’च्या जागी ‘कोट्यावधी’ लिहिणेही तसेच.

नावाच्या उरलेल्या भागाबद्दल मात्र मराठी लेखकांचे कौतुक केले पाहिजे. इंग्रजी नावात इच्छा आहे, ‘कोणाला व्हायचे आहे?’, हिंदीत भविष्यकाळ आहे, ‘कौन बनेगा’. हिंदीच्या दडपणाखाली ‘कोण बनेल’ किंवा ‘कोण बनणार’ असे लिहिणे सहज शक्य होते. मराठीत माणूस श्रीमंत ‘होतो’, ‘बनत’ नाही, आणि हे भान मराठीत आलेल्या दोन्ही कार्यक्रमांच्या नावांत राखलेले आहे. सचिन खेडेकर यांनी २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर सादर केलेल्या कार्यक्रमाचे नाव ‘कोण होईल मराठी करोडपती’ होते, तर २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे यांच्यासह आलेला कार्यक्रम ‘कोण होणार करोडपती’ या नावाचा होता. ‘पाऊस पडेल’ यात अंदाज असतो आणि ‘पाऊस पडणार’ यात खात्री असते, तोच फरक इथेही आहे. ‘कोण होईल’ हे कुतूहल झाले. ‘कोण होणार’ म्हणताना कोणीतरी होणार हे जणू ठरलेलेच असते. खेळाच्या नावाला मला दुसरे रूप अधिक शोभते असे वाटते.

‘पती’विषयीची शंका स्वाभाविक असली तरी तिला आधार नाही. ‘पती’चा मूळ अर्थ स्वामी किंवा धारण करणारा असा आहे, आणि त्याच अर्थाने ‘राष्ट्रपती’, ‘सभापती’ ही पदनामे आपण स्त्रियांसाठीही वापरतो. ‘लखपती दीदी’ या केंद्र सरकारच्या योजनेच्या नावातही हाच अर्थ आहे. हिंदी कार्यक्रमात २००० मध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकणारे पहिले स्पर्धक ठरले आणि २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनीही एक कोटी जिंकले. दोघांसाठी शब्द एकच पुरतो, कारण मराठीत लिंगभेद क्रियापद दाखवते : नवाथे कोट्यधीश झाले, ताडे कोट्यधीश झाल्या.