पोरीला साहित्य, नाटक आणि सिनेमा तिन्ही एकदम शिकायचंय

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर आणि सासर दोन्ही कोल्हापुरातलं : माहेर मंगळवार पेठ, सासर राजारामपुरी. लेक बारावीला आहे आणि तिला विद्यापीठात साहित्य, नाटक आणि सिनेमा एकत्र शिकायचंय. वडील म्हणतात, कॉम्प्युटर सायन्स घे, हौस म्हणून नाटकाचा एखादा विषय जोडीला ठेव. इकडं कोल्हापुरात आजोबांचा सवाल वेगळाच : “मंडळात आम्ही एवढी नाटकं बसवली, कुठली डिग्री लागली?” ताई विचारतात, हे खरंच एक शिक्षण आहे, की तीन आवडींची भेळ?

ताई, आधी आजोबांचं बघू, कारण सगळ्यांत मुद्द्याचं तेच बोललेत. नाटक बसवायला डिग्री लागत नाही, सिनेमा काढायलाही लागत नाही. बाबूराव पेंटर कुठल्या संस्थेत सिनेमा शिकले नव्हते. ते आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यातून हलत्या चित्रांचा नाद लागला, कॅमेराही इथंच कोल्हापुरात घडवला गेला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये लोकांसमोर आला. शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी त्याच कंपनीत पडेल ते काम करत तयार झाली. त्यांनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ ही सिनेमा कंपनी काढली तीही इथंच, पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. म्हणजे हात चालवून शिकण्याची परंपरा आपल्याच गावची आहे. तुमच्या लेकीला तेवढंच हवं असेल, तर तिला विद्यापीठापेक्षा प्रशिक्षण देणारी संस्था बरी. हे तिला एकदा सरळ विचारा. नटी व्हायचंय, दिग्दर्शन करायचंय, की हे सगळं कसं चालतं ते समजून घ्यायचंय? बहुतेक मुलं “तिन्ही” म्हणतात. म्हणू देत. पण महिनाभरात ती काय वाचते, काय बघते आणि बघून झाल्यावर कशावर तावातावानं बोलते याकडं लक्ष ठेवा. उत्तर तिथंच सापडतं.

विद्यापीठात जे शिकायचं असतं ते पाठांतर नव्हे आणि तालीमही नव्हे. गोष्ट एका माध्यमातून दुसऱ्यात गेली की तिचं काय होतं, आणि त्या त्या काळातल्या लोकांनी ती तशीच का सांगितली, हा तिथला प्रश्न. आपल्याच घरचं उदाहरण देते.

देवलांचं ‘शारदा’ हे नाटक १८९९ चं. म्हातारा श्रीमंत नवरा, कोवळी मुलगी आणि पैशापायी तिला देऊन टाकणारा बाप. केशवराव भोसले पोरवयात शारदेची भूमिका करायचे आणि त्याच भूमिकेनं त्यांचं नाव झालं. एका मुलीची भीती एक मुलगा गाऊन दाखवतोय आणि समोरची माणसं हेलावून जातायत. आता नाटकात हे लग्न मोडतं कशानं, तर नवरानवरी सगोत्र निघतात म्हणून. मुलीला नको आहे एवढं कारण पुरत नाही, शास्त्राचा आधार घ्यावा लागतो. पुढं १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला. नारायण हरी आपट्यांनी याच दुखण्यावर ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून प्रभातनं १९३७ मध्ये ‘कुंकू’ काढला. इथं लग्न होऊन गेलेलं आहे. नायिका नीरा फसवली गेली आहे, आणि ती म्हाताऱ्याची बायको म्हणून राहायला सरळ नकार देते. शास्त्राला विचारत बसत नाही. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाज, भिंतीवरचं घड्याळ आणि नीरेचा चेहरा. शारदेला जे पदात गावं लागलं, ते नीरा झालेली शांता आपटे न बोलता नुसत्या नजरेनं सांगून जाते, कारण कॅमेरा तिच्या तोंडासमोर नेता येतो. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नजर दिसत नाही, त्याला गाणंच लागतं.

आता सांगा, यातलं फक्त साहित्य किंवा फक्त सिनेमा शिकून कसं भागेल? नुसतं साहित्य शिकणारी पोरगी कथानकाची तुलना करून थांबेल. नुसता सिनेमा शिकणारी घड्याळ आणि कॅमेऱ्याबद्दल छान लिहील, पण अडतीस वर्षांपूर्वी गोत्राचा आधार का घ्यावा लागला होता हे तिच्या ध्यानातच येणार नाही. नुसतं नाटक शिकणारीला पोरानं केलेली शारदा कळेल, पण नीरेच्या गप्प राहण्यात काय ताकद आहे हे कळायला पडदा लागतो. म्हणून ही भेळ नाही, ताई. आपल्याकडं हे विषय वेगळे असे कधी नव्हतेच. खांडेकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या आणि मास्टर विनायकांच्या ‘छाया’ या सिनेमासाठी १९३६ मध्ये पडद्याकरताही लिहिलं. त्यांचे हे दोन उद्योग दोन खात्यांत टाकण्याची अक्कल पुढं आपल्या विद्यापीठांनी काढली.

पण अडचण आहे ती इथं. माहितीपत्रकावर तिन्ही नावं असतात, पण आत त्यांची गाठच पडत नाही. सोमवारी कादंबरी, बुधवारी रंगभूमीचा इतिहास, शुक्रवारी सिनेमा, आणि जोडायचं काम विद्यार्थ्यानं घरी बसून करायचं. म्हणून नाव बघून भुलू नका. विषयांची पूर्ण यादी उघडा आणि दर वर्षाला रूपांतर, पटकथालेखन, नाट्यसंहिता आणि प्रयोग असा दोन माध्यमांना एकत्र घेणारा निदान एक विषय आहे का ते बघा. शिकवणाऱ्यांनी काय लिहिलंय हेही विभागाच्या पानावर सापडतं. साहित्याचे प्राध्यापक सिनेमावर लिहीत असतील तर ते घर चांगलं.

तुमच्या जवळचंच बोलायचं तर टोरांटो विद्यापीठात पदवी घेताना एक स्पेशलिस्ट (एकाच विषयात खोलवर), किंवा दोन मेजर (मुख्य विषय), किंवा एक मेजर आणि दोन मायनर (जोडविषय) अशी जुळणी करता येते. तिसरी जुळणी तुमच्या लेकीसाठीच केल्यासारखी आहे : साहित्य मेजर, नाटक आणि सिनेमा मायनर. सिनेमाचा अभ्यास तिथं इनिस कॉलेजातल्या संस्थेत चालतो. मायनरमध्ये विषय थोडेच घेता येतात, म्हणून जिथं खोल जायचंय तेच मेजर ठेवायचं. माझं मत साहित्याच्या बाजूनं आहे. वाचायची आणि लिहायची सवय वीस वर्षांच्या आत लागली तर लागली. सिनेमे काय, माणूस म्हातारपणीही बघत बसतो. तिला स्टेजवर उभंही राहायचं असेल तर त्याच विद्यापीठाच्या मिसिसॉगा कॅम्पसवर शेरिडन कॉलेजबरोबर चालणारा ‘थिएटर अँड ड्रामा स्टडीज’ आहे. अभिनयाचं शिक्षण आणि नाटकाचा अभ्यास दोन्ही होतं, पण ऑडिशन द्यावी लागते. ब्रॅम्प्टनहून रोज जाऊन-येऊन करता येईल, म्हणजे वसतिगृहाचा खर्च वाचला. हा विचार वडिलांनाही पटेल.

तिकडं इंग्लंडमध्ये असलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. वॉरिकला साहित्य आणि सिनेमा अशी जोड पदवी आहे, इंग्रजी आणि रंगभूमी अशीही आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला चार वर्षांच्या पदवीत दोन विषय जोडीनं घेता येतात. इंग्लंडात विषय अर्ज करतानाच ठरवावा लागतो, अमेरिकेत बहुधा दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत मोकळीक असते. ज्या मुलाचं अजून ठरत नाही त्याला अमेरिका-कॅनडाची पद्धत सोसते. जर्मनीत नाट्यशास्त्र हा जुना, मानाचा विषय आहे, बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत सिनेमाही त्याच छताखाली येतो, आणि सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नसतं. पण जर्मन चांगली यायला हवी. नाटक वाचायचं म्हणजे भाजी घेण्यापुरती जर्मन चालत नाही.

सासूबाईंनी सुचवलंय, पोरीला इकडंच पाठवा. प्रेमानं म्हणतायत, पण आत्ता नको. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे. पण बारावी कॅनडात केलेल्या मुलीनं पहिली पदवी तिथंच घ्यावी आणि नंतर यावं. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तसंही मुख्य अभ्यासक्रमांना पदवीधर मागतात. अभ्यासाकडं ओढा राहिला तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात रंगभूमी आणि सिनेमा एकाच स्कूलमध्ये आहेत, आणि कोलकात्याच्या जादवपूरला तौलनिक साहित्याचा विभाग १९५६ पासून आहे.

आता वडिलांचं. त्यांची काळजी खोटी नाही आणि तिला ‘कलेची कदर नाही’ असं म्हणून उडवू नका. या पदवीनंतर दारात नोकऱ्यांची रांग लागत नाही. संपादन, प्रकाशन, उपशीर्षकं, शाळेत शिकवणं, चित्रपट महोत्सवांचं काम, संग्रहालयं, नाट्यसंस्थांची व्यवस्था, पटकथा तपासणं अशी कामं असतात, सुरुवातीला पगार बेताचे आणि बरीचशी कंत्राटी. म्हणून पहिल्या पदवीसाठी डोक्यावर मोठं कर्ज नको. घरून जाता येईल असं विद्यापीठ, रहिवाशांची फी, ऑन्टारियोची सरकारी मदत, एवढ्यात बसेल तेच करा. पुढं पीएच.डी.ला उत्तर अमेरिकेतली चांगली विद्यापीठं शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात खर्च उचलतात. पण स्वतःच्या पैशानं करायची महागडी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असेल, तर दहादा विचार करा.

पोरगी सुट्टीत कोल्हापूरला येतेय म्हणता, ते फार बरं झालं. तिला अंबाबाई, रंकाळा आणि पांढऱ्या रश्श्यावर परत पाठवू नका. खासबागेच्या मैदानाला लागून असलेलं नाट्यगृह दाखवा. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये ते पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालं. पुढं त्याला केशवरावांचं नाव दिलं, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी ते जळालं. कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर भिंतीला भिंत लावून बांधणाऱ्या राजाच्या डोक्यात काय असेल, यावर तिचा एक निबंध होईल. शिवाजी विद्यापीठातलं खांडेकरांचं स्मृती संग्रहालय दाखवा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे, तिथं नुसती फेरी मारली तरी चालेल. दिवस जुळले तर राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावरचं एक नाटक बघू द्या, चांगलं असो की रटाळ. रटाळ असेल तर उत्तमच, का रटाळ आहे ते सांगायला लावा.

आणि आजोबांना तिच्यासमोर बसवा. पॅलेसमध्ये काय काय पाहिलं, तिकीट कसं मिळायचं, बायका कुठं बसायच्या, कोणत्या पदाला वन्स मोअर मिळायचा, हे सगळं तिनं फोनवर रेकॉर्ड करून घ्यावं. ‘सैरंध्री’ आज बघायला मिळत नाही, मूकपटांच्या काळातलं बहुतेक सगळं गेलंय. अशा सिनेमाचा अभ्यास जाहिराती, छायाचित्रं, परीक्षणं आणि लोकांच्या आठवणी यांवरच चालतो. ते शिकायची सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या प्रेक्षकापासून होऊ शकते. आजोबा सांगणार मराठीत. तिला ते समजतं, पण लिहिता-वाचता येत नाही असं तुम्ही लिहिलंय. मग यंदापासून रोज पानभर मराठी वाचायला लावा. तिच्या वर्गात शेक्सपिअर सगळ्यांनाच येणार. देवल मुळातून वाचू शकणारी किती असतील?

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. टोरांटोच्या मुख्य कॅम्पसवर कला आणि विज्ञान शाखेत मेजर-मायनर पहिल्या वर्षानंतर निवडायचे असतात, त्यामुळे साहित्य की सिनेमा यावरून घरात आत्ता भांडायचं कारण नाही. कॉम्प्युटर सायन्सचं तसं नाही. त्याचा प्रवेश अर्जातच वेगळा मागावा लागतो आणि बाहेरून नंतर आत शिरणं अवघड जातं. “आधी नाटक घे, नाही जमलं तर कॉम्प्युटरकडं वळ” असा बेत कुणी केला तर तो तिथं चालणार नाही. म्हणून अर्ज भरायच्या आधी बाप-लेकीला एका टेबलाशी बसवा, विद्यापीठाचं पान समोर उघडा आणि हे एवढंच ठरवून टाका.