सबवूफरवर '३० ते २०० हर्ट्झ' लिहिलंय, मग फिल्टर कितीवर ठेवायचा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रत्नागिरीजवळ चिऱ्याचं घर, १५ बाय ११ फुटांचा हॉल, वर फळ्यांचा माळा आणि कौलं. ५.१ संच (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त जाड सूर वाजवणारं खोकं), समोरचे स्पीकर तीन इंची. सबवूफर २०० हर्ट्झपर्यंत वाजतो म्हणून रिसिव्हरमध्ये क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात तो आकडा) २००वर ठेवलात, तेव्हा पुरुषांचे आवाज पिचके यायला लागले. मग सबवूफरच्या मागची फिल्टरची चकती ८०वरून पूर्ण फिरवलीत, तर तेच आवाज मागच्या कोपऱ्यातून यायला लागले. शिवाय काही ठिकाणी कौलं खडखडतात.

पहिली गोष्ट घडली ती दोन फिल्टर एकापुढे एक लागल्यामुळे. रिसिव्हरने २००च्या खालचं सगळं छोट्या स्पीकरकडून काढून सबवूफरकडे पाठवलं आणि सबवूफरने ८०च्या वरचं कापलं. मधला ८० ते २००चा पट्टा कुणीच वाजवला नाही. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे नेमका तोच गेला. चकती पूर्ण फिरवल्यावर तो परत आला, पण सबवूफरमधून. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठल्या दिशेने येतोय ते कानाला सहसा कळत नाही. १५०च्या पुढे सहज कळतं.

म्हणून फिल्टर एकाच ठिकाणी लावायचा, रिसिव्हरमध्ये. सबवूफरवर 'एलएफई' (जाड सुरांचा वेगळा मार्ग) लिहिलेलं इनपुट असेल तर वायर तिथे जोडा, त्यात आतला फिल्टर वगळला जातो. ते नसेल तर चकती पूर्ण उजवीकडे, म्हणजे आहे तशीच राहू द्या. आणि क्रॉसओव्हरचा आकडा सबवूफर नव्हे, तुमचे छोटे स्पीकर ठरवतात. तीन इंची स्पीकर बहुधा ११०-१२० हर्ट्झच्या खाली दमतो, तेव्हा तुमच्यासाठी १५० योग्य. पुढेमागे पाच-साडेपाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर घेतलेत तर ८०वर या. सिनेमाच्या आवाजाची मानकं ठरवणाऱ्या टीएचएक्सने ८० हाच आकडा धरलाय आणि मलाही तोच पटतो, पण तो पेलणारे स्पीकर हवेत. मेनूमध्ये स्पीकरचा आकार 'स्मॉल'च ठेवा. 'लार्ज' केलात तर क्रॉसओव्हर लागतच नाही.

१५०वरही थोडा आवाज सबवूफरमधून ऐकू येणारच. रिसिव्हरचा लो-पास (वरचे सूर कापणारा) फिल्टर सहसा एका ऑक्टेव्हला, म्हणजे आकडा दुप्पट होईपर्यंत, २४ डेसिबल उतरतो. १५०ला कापलं तरी २००ला पुरेसं उरतं. त्यामुळे सबवूफर मागच्या कोपऱ्यातून काढून टीव्हीशेजारी, समोरच्या दोन स्पीकरच्या मधे आणा. तुमच्या तक्रारीवर सगळ्यात जास्त फरक यानेच पडेल.

मेनूत 'एलपीएफ फॉर एलएफई' (एलएफईचा लो-पास फिल्टर) अशी वेगळी ओळ असेल, ती १२०वर राहू द्या. सिनेमाच्या ५.१ मधला तो '.१' मार्ग १२० हर्ट्झपर्यंतच असतो. तिथे ८० केलंत तर स्फोट आणि ढगांच्या गडगडाटाचा वरचा भाग उगाच जातो.

नंतर फेज, म्हणजे सबवूफर आणि स्पीकर एकाच तालात पुढेमागे हलतात का ते. १५० हर्ट्झचा सलग सूर पुढच्या स्पीकरमधून लावा, नेहमीच्या जागी बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी सबवूफरवरचं बटण ० आणि १८०मध्ये बदलायला सांगा. ज्यात आवाज मोठा, ते बरोबर. रिसिव्हरच्या ऑटो-सेटअपने (माइक लावून आपोआप मोजणाऱ्या सोयीने) सबवूफरचं अंतर फुटपट्टीपेक्षा जास्त दाखवलं तर ते दुरुस्त करू नका. फिल्टरमुळे येणारा उशीर त्याने त्यात धरलेला असतो.

खडखडीचं कारण खोलीत आहे. १५ फूट लांबीला पहिला अनुनाद (ज्या सुराला खोली घुमते तो) साधारण ३८ हर्ट्झवर येतो, ११ फूट रुंदीला ५१च्या आसपास. चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती हे सूर शोषत नाहीत, परत फेकतात; फळ्या आणि कौलं मात्र हलतात. ३० ते ८० हर्ट्झचा सूर हळूहळू वर नेत हॉलमध्ये फिरा. कुठल्या आकड्याला कडी वाजते, कुठल्याला फडताळातली ताटं, ते लिहून ठेवा. तिथे रबर किंवा फेल्टची पट्टी लावा आणि इक्वलायझरमध्ये तेवढाच सूर ४-६ डेसिबल खाली घ्या. उलट एखादा सूर ऐकूच येत नसेल तर तो वाढवू नका, अ‍ॅम्प्लिफायर दमेल पण खड्डा भरणार नाही. त्याऐवजी सोफा हलवा. लांबीच्या बरोबर मध्यावर ३८चा सूर जवळजवळ नाहीसा होतो.

आता त्या '३०'बद्दल. शेजारी '±३ डेसिबल' (त्या पट्ट्यात आवाज किती कमीजास्त होतो ते) लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. पोर्ट (हवेचं भोक) असलेल्या खोक्यात, पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या खाली कोनला (स्पीकरच्या पडद्याला) आतल्या हवेचा आधार उरत नाही. आवाज वाढत नाही, कोन मात्र नुसता फडफडतो आणि कॉइल आपटते. म्हणून २०-२५ हर्ट्झ इक्वलायझरने वर नेऊ नका आणि सबसॉनिक (अगदी खालचे सूर कापणारा) फिल्टर असेल तर चालू ठेवा. पोर्टमध्ये बॅटरीही मारून बघा. आपल्याकडे कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते आणि मग हवा फसफसायला लागते.

पावसाळ्यात खोकं ओल येणाऱ्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. खाऱ्या हवेने वायरीच्या टोकाच्या आरसीए पिना काळवंडतात, त्या अधूनमधून काढून पुसा. सतत गुणगुण येत असेल तर ती ५० किंवा १०० हर्ट्झची, विजेची असते आणि ती कुठलाही क्रॉसओव्हर काढणार नाही. आधी डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. गुणगुण थांबली तर ती दोन वेगळ्या अर्थिंगमुळे येत होती; सगळी यंत्रं एकाच सॉकेटच्या पट्टीवर घ्या. प्लगची अर्थची पिन मात्र कापू नका.